आरतीच्या चालीवर भाजीपाला

बोरीजवळच्या एका शाळेत सहावीला इंग्रजी शिकवताना माझा घसा बसला, पण पोरांच्या डोक्यात शब्द काही बसेनात. ‘ब्रिंजल म्हणजे काय?’ विचारलं की अख्खा वर्ग छताकडं बघायचा. हीच पोरं गणपतीत लांबलचक आरत्या, एका ओळीचा अर्थ ठाऊक नसताना, धडाधड म्हणायची. म्हटलं, अर्थाशिवाय एवढं पाठ होतंय, तर भाजी का होऊ नये? मग मी आरतीच्या चालीवर कांदा, बटाटा, वांगं, भेंडी इंग्रजीतून बसवली. आठवडाभरात बाजार पाठ झाला.

घोटाळा मारुतीच्या देवळात झाला. संध्याकाळच्या आरतीत पोरं सवयीनं ‘अनियन, पोटॅटो’वर घसरली आणि म्हाताऱ्या भक्तिभावानं टाळ्या वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचे बुवा शाळेत हजर. हेडमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला डोळ्यांनीच माफी मागायला सांगितलं.

बुवा म्हणाले, “बाई, देवाला कांदा चालत न्हाई, ठाव हाय ना?”

“हो.”

“मग कांदा काढा. बाकीचं ऱ्हाऊ द्या. पण ताल लय चुकायलाय. तेवढा मी येऊन बसवतो.”

ते खरंच पेटी घेऊन आले. कांदा गेला, कोबी आली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. बौद्ध घरातली. “मॅडम, आमच्या घरी आरती नसती. मला ही चाल येईना.”

हे ना मला सुचलं होतं, ना बुवांना. “मग तुमच्याकडं काय म्हणतात?” मी विचारलं.

तिनं जयंतीतलं गाणं धरलं, कव्वालीच्या थाटात, एकदम खणखणीत. बुवांची बोटं आपोआप पेटीवर फिरायला लागली. “आयला, ही चाल तर आपल्यापेक्षा भारी हाय!” त्यावर आम्ही शरीराचे अवयव बसवले, आणि म्हणायला पुढं तीच.

मग तपासणीला साहेब आले. स्वतःच्या नाकाला बोट लावून त्यांनी तिलाच विचारलं, “व्हॉट इज धिस?”

आमचं गाणं पायाच्या अंगठ्यापासून सुरू व्हायचं. तिनं तिथूनच उचललं, वर्गानं साथ धरली. गुडघा झाला, पोट झालं, कोपर दोनदा झालं. नाक येईपर्यंत साहेब नाकावर बोट धरून उभे. शेवटी एकदाचं ‘नोज’ आलं तेव्हा टाळी त्यांनीच आधी वाजवली.