न पुसलेली काजळी

साताऱ्याहून निघताना पिशवीत कंदी पेढे होते आणि डोक्यात एक निरोप. पेढे द्यायला मला आवडणार होतं. निरोप द्यायला मुळीच नाही.

भातुकली जमवणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. फोटो टाकायच्या अ‍ॅपवर आम्ही एकमेकांच्या काचेच्या कपाटांची तारीफ करत असतो. तिथंच बदलापुरात मांजर्लीला राहणाऱ्या रंजना भोईर सापडल्या. तळहातावर मावतील अशा मातीच्या चुली त्या करतात. गटातल्या बहुतेकांनी मागवल्या, पार्सलं उघडली आणि बोंब उठली, कारण प्रत्येक चुलीचं तोंड काजळीनं काळं होतं. आमच्या अ‍ॅडमिनसाहेबांनी एका चुलीच्या फोटोवर लाल गोल काढून "वापरलेला माल" असं जाहीर केलं. पुण्यात आमचं प्रदर्शन ठरलं होतं, त्यात रंजनाताईंच्या नावाचा फलक लागणार होता. तो हवा असेल तर त्यांनी न पेटवलेल्या, स्वच्छ चुली द्याव्यात, असा निरोप. माझी बहीण कल्याणला राहते, एवढ्याच कारणावरून या लष्कराच्या भाकऱ्या माझ्याकडे आल्या.

बहिणीकडे मुक्काम करून सकाळी रिक्षानं उल्हासनगर गाठलं. प्रदर्शनासाठी पारदर्शक डबे घ्यायचे होते आणि उल्हासनगरात जे मिळत नाही ते बहुधा अजून जन्मलेलंच नसतं. आधी एका गाडीवर दालपकवान (कडक तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याची डाळ) खाल्लं. पकवान मोडताना अर्धं माझ्या साडीवर सांडलं आणि गाडीवाल्यानं न मागता दुसरं दिलं.

डब्यांच्या दुकानात फळीवर ओळखीची वस्तू दिसली. रंजनाताईंच्या चुली, ओळीनं मांडलेल्या, सगळ्या अगदी एकसारख्या. एक हातात घेतली तर प्लास्टरची. दुकानदार सिंधी काका मोठ्या उत्साहात होते. म्हणाले, "दीदी, तुम्ही फोटो दाखवा, माल घ्या. मोबाइलमध्ये दिसतं ते सगळं इथं बनतं." चुलीच्या तोंडाशी मात्र काळा रंग फासलेला होता. तो कशाला, असं मी विचारलं.

"फोटोत होता ना. त्याच्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. बोलतो, नकली है."

मला हसू आलं आणि पाठोपाठ संताप. जी काजळी आमच्या जाणकार मंडळींना डाग वाटत होती, तिच्यावरच इथं नकली माल खरा म्हणून खपत होता. डब्यांबरोबर तीही चूल मी विकत घेतली.

तिथून बदलापूरला निघाले, तर अंबरनाथला बुवापाड्याजवळ रिक्षा एका खड्ड्यात अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं आणि मांडीवरची चूल खाली पडून दुभंगली. आतून पांढरीफटक. रिक्षावाला तिथलाच राहणारा. त्यानं थांबून आधी मला लागलं का ते पाहिलं, मग तुकडा उचलला. "ही त्या मांजर्लीच्या बाईची नाय," तो म्हणाला. त्याची बायको कंपनीत पॅकिंगला जाते आणि जेवणाच्या सुट्टीत रोज रंजनाताईंचे फोटो बघते. घरी गॅस आहे, चुलीचा धूर तिनं लहानपणी पुष्कळ खाल्लाय, तरी त्या एवढ्याशा चुलीवर एवढीशी भाकरी फुगलेली दिसली की तिचा डबा गोड लागतो, असं तो सांगत होता. आमच्या गटात अशी एक बाई असती तर बरं झालं असतं.

मांजर्लीत नव्या इमारतींच्या मध्ये भोईरांचं बैठं घर आहे. भिंतीवर खिडकीच्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ आहे. रंजनाताईंनी ती मला देवघर दाखवावं तशी दाखवली. मी पेढे दिले, मग त्यांनी ताट वाढलं. तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यावर परतून. खाल्ल्या घरी तो निरोप सांगायचं जिवावर आलं. पण सांगितला.

त्यांनी हात पुसले. कपाटातून घडी न मोडलेली निळी साडी काढून माझ्यासमोर ठेवली. प्रदर्शनाला नेसायला घेतली होती. बोर्डावर नाव लागणार, हे त्यांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

"ताई, ही माती कुठली माहितीय? नदी घरात येते, गाळ टाकून जाते. तोच गाळ. रडत बसू का त्याच्यावर? चुली करते."

"पण एक न पेटवता दिली तर?" मी विचारलं.

"पाणी ओसरलं की आमच्यात पयली चूल पेटवतात, घर मागून धुतात. चूल थंड म्हणजे घर अजून पाण्यात. अशी बुडालेली चूल मी कुणाला देऊ? नाय देणार. नाव नको मला."

त्यांचे डोळे भरले होते, आवाज नव्हता भरला. मी प्लास्टरचे तुकडे पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले, हुंगले आणि खदखदून हसल्या. "काळं चोरलं मेल्यांनी. वास कुठून आणणार?"

निळी साडी पुन्हा कपाटात गेली. मग खराट्याच्या काड्या पेटवून त्यांनी माझ्यासमोर एका नव्या चुलीवर रुपयाएवढी भाकरी भाजली. ती टम्म फुगली. ती चूल कोमट असतानाच त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या साडीला दोन दिवस धुराचा वास होता.

साताऱ्याला आल्यावर मी माझं कपाट उघडलं. आतलं सर्वांत जुनं पितळी पातेलं काढलं. ते कधी विस्तवावर गेलेलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता. रंजनाताईंची चूल अंगणात मांडली, काड्या लावल्या, बोट भाजून घेतलं आणि चिमूटभर तांदळाचा भात शिजवला. पातेल्याचं बूड काळं झालं. तसाच फोटो गटावर टाकला. खाली लिहिलं, "चूल: रंजना भोईर, मांजर्ली. प्रदर्शनात माझं कपाट येईल ते या चुलीसकट आणि या नावासकट. नाहीतर माझं कपाट माझ्या घरात सुखी आहे."

अ‍ॅडमिनसाहेबांचं उत्तर लगेच आलं. पातेल्याची किंमत गेली, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी लिहिलं, भात छान झाला होता.