रशिदा खाला जमिनीवरून उठल्या

सकाळपासून हे लिहायचं टाळतेय. मधे दोनदा चहा झाला, एका अनोळखी माणसाची हरवलेली शेळीपण शोधून झाली. आता लिहितेच.

धाराशिवात माझ्या मैत्रिणीची, निशाची, छोटी जिम आहे. तिथं रशिदा खाला येतात, वय बासष्ट. गुडघ्यांमुळं दोन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढतायत. त्यांना परत जमिनीवर माथा टेकायचाय, बस्स एवढंच. म्हणून सहा महिने वजनं उचलतायत. सुरुवात पाण्याच्या दोन बाटल्यांनी केलेली.

आज त्यांनी स्वतःच चटई अंथरली आणि माथा टेकून सजद्यात गेल्या. म्हणाल्या, "हात देऊ नको गं निशा. पडले तर पडू दे."

एक पाय पुढं रोवला. मांडी थरथरायला लागली. आमी दोघी श्वास रोखून उभ्या. आणि खाला उठल्या की, कशालाच न धरता.

मी फिरून फिरून किल्ले, लेणी लई बघितली, पण असं काही बघितलं नव्हतं. डोळे भरले.

"रडतीस काय? तू दहा बैठका मारून दाखव," खाला म्हणाल्या.

चौथ्या बैठकीला मी भिंत धरली. माझं वय चोवीस.

दुपारी गावी, तेरला, आईला फोनवर हे सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

तुमच्या घरात जमिनीवर बसायचं कुणी सोडलंय का? कधीपासून, विचारलंय कधी?

थांबा, दारात कोणतरी आलंय. आईच आहे, तेरच्या एसटीनं, एकटी. चप्पल न काढताच, गुडघा चोळत विचारतेय, "त्या खाला किती वाजता येतात गं?"