आयेची पोटगी

माझ्या पगारावर पोटगीची जप्ती आणणारी बाई माझी सख्खी आई होती, आणि तो दावा लावायला तिला बैलगाडीत बसवून मालवणच्या कोर्टात मीच घेऊन गेलो होतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. पगार शंभराच्या आतबाहेर. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने देवबागला होडी घेतली, त्यासाठी कट्टा गावच्या एका व्यापाऱ्याकडून कर्ज काढलं, आणि जामीन म्हणून सही केली मी! वर्षाच्या आत होडी खडकावर बसली, भावोजी ओटीवर बसले आणि व्यापारी माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसला.

"हप्ते दी, नायतर तुज्या पगारार जप्ती हाडतलंय!"

मी धावत मामांकडे गेलो. मामा कायद्याचे जाणकार. (म्हणजे त्यांनी बांधाचे चार दावे लढवले आणि चारही हरले. अनुभव म्हणतात तो हाच!)

"सोपा आसा," मामा म्हणाले. "तेच्या आधी घरातल्याच माणसान तुज्या पगारार हात मारूक होयो. आवशीक सांग, पोटगीचो दावो लाव म्हणान. पगार कापतले, पैसे घरातच येतले. व्यापारी बसात बोंबलत!"

"पण आये ते पैसे मला देईल ना?"

"मेल्या, आवस ती तुजी! देवची नाय तर काय करतली?"

आयेला मात्र हे पटेना. देवाला विचारल्याशिवाय आमच्या घरात कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. मग गेलो देवळात. गुरवाने मूर्तीला दोन बाजूंना तांदूळ लावले. उजवे पडले तर देवाचा होकार, डावे पडले तर नकार. आणि मग त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो बाबलो व्यापाऱ्याक फसवूक आवशीक आपल्यारच दावो लावूक सांगता हा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देवळात जमलेला अख्खा गाव गरजला. त्यात व्यापाऱ्याचा साडूही होता. आमचं गुपित एवढाच वेळ टिकलं.

तांदूळ उजवे पडले.

कोर्टात न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्ही आईला सांभाळत नाही?"

"नाही साहेब!" मी उत्साहाने म्हणालो. "साहेबांनू, झील गुणी आसा हो माजो..." असं म्हणत आये मागे उठू लागली, तेव्हा मामांनी पदर ओढून तिला खाली बसवलं.

"लाज नाही वाटत?"

याचं उत्तर मामांनी शिकवलं नव्हतं. मी गोंधळलो आणि तोंडातून निघून गेलं, "होय म्हाराजा!"

पुढच्याच पगाराला तीन हिश्श्यांतले दोन हिस्से कापले गेले. कचेरीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. तरी मी मनात हसत होतो, कारण पैसे घरातच जाणार होते. मग मामांच्या देखत एका वकिलांना मोठ्या ऐटीत आमची युक्ती सांगितली. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अहो, साध्या कर्जासाठी एवढ्याशा पगाराला कोर्ट हात लावत नाही! त्या व्यापाऱ्याला एक पैसा मिळाला नसता. पोटगीचं मात्र तसं नाही."

"म्हणजे मी हे काहीच केलं नसतं तर?"

"तर सगळा पगार तुमचा होता."

मी मामांकडे पाहिलं. मामा समोरच्या माडाचे नारळ मोजत होते.

तसाच घरी गेलो. "आये, दावा मागे घे!"

"घेवचंय नाय," आये म्हणाली. "देवान उजवो कौल दिल्यान. तो मी मोडू?"

"निदान पैसे तरी दे!"

आयेने कनवटीची गाठ चाचपली. "बाबल्या, बापूस होतो तेवा तेच्याकडे हात पसरलंय. तो गेलो, आता तुज्याकडे पसरतंय. पानाक दोन आणे मागलंय तरी तू इचारतंस, कालचे खंय गेले? आता माका कोणाक हिशोब सांगूक नको."

मला फार वाईट वाटलं, कारण मी खरंच तसं विचारत असे.

पुढे आयेने त्या व्यापाऱ्याला घरी बोलावलं, चहा पाजला, अर्धं व्याज सोडायला लावलं आणि पोटगीतून त्याचे हप्ते फेडायला सुरुवात केली. महिन्याभरात व्यापारी तिला "आये" म्हणू लागला. मला तो ओळखही देईना. माझी बायकोसुद्धा मीठमिरचीचे पैसे परस्पर सासूकडे मागू लागली.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी हळूच म्हटलं, "आये, नव्या चपलेला पाच रुपये दे ना."

"अर्ज कर," आये म्हणाली.

केला! कोऱ्या कागदावर, डावीकडे समास सोडून, "आपला आज्ञाधारक" लिहून केला. आयेला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लक्ष देऊन ऐकला, ओळी किती सरळ आल्यात म्हणून कौतुकाने शेजारणीला दाखवला, आणि नामंजूर केला.