पेठच्या वाटेवरची ‘बरी’ झालेली माणसं
पेठला जाणार असाल तर कार्तिकात जा. पाऊस सरलेला असतो, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि घाटात मोटार सहसा रुतत नाही. मी गेलो तो मात्र हवा खायला नव्हे, माझंच अक्षर तपासायला.

पंचवटीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर आहे. दर बुधवारी आमची औषधांची पेटी पेठ रस्त्यावरच्या एका आठवडे बाजारात जाते. हिवतापाचा रोगी दुसरी बाटली न्यायला आला नाही की त्याच्या नावापुढे मी ‘बरा’ लिहायचं, ही आमची जुनी रीत. यंदा नवे डॉक्टर आले. त्यांनी नोंदवही चाळली आणि विचारलं, “हे बरे कशावरून?”

“परत आले नाहीत म्हणून.”

“मग त्यांच्या घरी जा. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. उत्तर आपल्या तोंडून सुचवू नका. आणि औषध कसं घेतलं ते नुसतं विचारू नका, करून दाखवायला सांगा.”

मला राग आला. अकरा वर्षं औषधं कालवतोय आणि आता दारोदार हिंडून परीक्षा द्यायची! पण बावीस नावं उतरवून घेतली, पिशवीत औषधाच्या तीन बाटल्या टाकल्या आणि सकाळच्या मोटारीत बसलो. पुढची जागा हवी असेल तर चार आणे जास्त पडतात. ते द्या, मागे धुळीने माणूस ओळखू येत नाही. घोंगडी बरोबर असू द्या. पाणी गाळूनच प्या. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्याने नारू होतो, हे मी बाजारात इतक्यांदा ओरडून सांगितलंय की पोरं माझी नक्कल करतात.

घाट चढून उतरलो. पुढे काशीरामची बैलगाडी ठरवली होती. पहिला दिवस मजेत गेला. नऊ घरं झाली. सातजण खरंच बरे होते. एकजण गुजरातेत मजुरीला गेलेला. एका म्हाताऱ्याने बाटली देवापुढे ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं होतं. “पिली नाय?” काशीरामने विचारलं. “पिऊन संपवली तर घरात काय राह्यलं?” म्हातारा म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. मुक्कामाला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण मिळालं. डॉक्टरांना जाऊन काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवत झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहिलंच नाव सकूचं होतं. वय सहा, पुढे माझ्या अक्षरात ‘बरी’. तिची आई भागीबाई अंगणात भात पाखडत होती. मला तिने लगेच ओळखलं.

“सकू कुठाय?” मी विचारलं.

“ती गेली, दादा. पोळ्याच्या आधी.”

काशीराम बैलांकडे गेला. माझ्या हातात प्रश्नांचा कागद होता. तो घडी करून खिशात घालावा असं फार वाटलं. पण सगळ्यांना तेच विचारायचं ठरलं होतं. औषध कसं दिलंत ते दाखवा, म्हणालो.

तिने फळीवरून बाटली काढली. परत द्यायची म्हणून लख्ख धुऊन ठेवलेली. तिच्यात पाणी भरलं. मग वाटी घेतली, वाटीवर धुतलेलं फडकं ताणून धरलं आणि त्यावर पाणी अलगद ओतलं. सावकाश, एक थेंब सांडू न देता.

“खाली पांढरा गाळ बसायचा,” ती म्हणाली. “तो पोरीच्या पोटात जाऊ दिला नाय. तुम्हीच नाय का सांगितलं बाजारात, पोटात जाईल ते गाळून जाऊ द्या?”

मुलांना कडू लागू नये म्हणून आम्ही हिवतापावरची न विरघळणारी कोयनेल डिंकाच्या गोड पाण्यात कालवतो. ती तळाशी बसते. तो पांढरा गाळ हेच औषध. बाटलीवर तांबड्या अक्षरात ‘हलवून घ्यावे’ छापलेलं असतं. भागीबाईला वाचता येत नाही आणि तोंडाने ते मी कधी सांगितलं नव्हतं. पोरगी चार दिवस डिंकाचं गोड पाणी पीत राहिली.

“आता धाकटीला हिव भरतंय,” ती म्हणाली. “औषध द्याल?”

पिशवीतली बाटली काढून मी तिच्यासमोर जोरजोरात हलवली, मग तिला हलवायला लावली. “हे गाळायचं नाही. सगळं द्यायचं.”

तिचे हात थांबले. “मग आधीचं?”

“ते वेगळं होतं,” मी म्हणालो. “हे नवीन आहे.”

आयुष्यात इतकं निर्लज्ज खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि दुसरं काही बोलायची माझी छातीही नव्हती. निघताना तिने धुतलेली बाटली आठवणीने माझ्या हातात दिली. राहिलेली घरं केली, पण वाटेतलं काही आठवत नाही.

नाशकात परतल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नोंदवही पुढे सरकवली. सकूपुढचं ‘बरी’ मी खोडलं, ‘मयत’ लिहिलं. कारण म्हणून ‘औषध गाळून दिले’ लिहायला घेतलं आणि थांबलो. वाचणाऱ्याला ती आईची चूक वाटली असती. मग लिहिलं, ‘गाळून पिण्यास कंपाउंडरने सांगितले होते’, आणि खाली सही केली.

बाजारात आता मी प्रत्येक बाटली तीनदा हलवून दाखवतो आणि समोरच्याकडून हलवून घेतो. लोक हसतात. वहीत धाकटीचं नाव शेवटचं आहे. गेल्या बुधवारी भागीबाई बाजारात आली नाही. नावापुढची जागा मी कोरी ठेवली आहे. उद्या सकाळच्या मोटारीने जाऊन, पोरीला डोळ्यांनी पाहून मगच ती भरेन.