कदमतचं पाणी

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात मुलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्हा दोघांचं क्रूझचं बुकिंग केलंय. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपची दोन बेटं बघायची आणि परत यायचं. पाच रात्री. आणि आता रद्द होत नाही ते."

शेवटचं वाक्य तिनं मला ओळखून टाकलं होतं. मी नाहीच म्हणणार होतो. मी आटपाडीकडचा. लहानपणी गावच्या विहिरीत वाकून बघायचो ते पाणी किती खाली गेलंय हे बघायला. तिच्यात उडी मारायचा विचार कुणाच्या मनात आला असता तर आधी हाडं मोडली असती. त्यामुळे पोहणं राहूनच गेलं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अजून आखडतो. अशा माणसाला पाच दिवस समुद्रावर ठेवायचं म्हणजे काय ते मुलीला कळत नव्हतं असं नाही, पण तिनं आईचा विचार जास्त केला असावा.

बायको सारसोळ्याची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा मी सारसोळे गावात एक खोली भाड्यानं घेतली. घरमालक खाडीत मासे धरायचे, आणि त्यांची धाकटी मुलगी एका शाळेच्या प्रयोगशाळेत नुकतीच कामाला लागली होती. लग्नाचं विचारायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "चिंबोरी फोडता येते का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "शिकेन." त्याला एकतीस वर्षं झाली. चिंबोरी, म्हणजे खेकडा, मला अजूनही नीट फोडता येत नाही, बायको फोडून देते.

मुलीचा फोन झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुला काय वाटतं?"

ती इस्त्रीचे कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ. माझी बॅग मी काढलीये."

जहाज संध्याकाळच्या आधी सुटलं. आमच्या नेरुळच्या सोसायटीसारख्या तीन-चार बिल्डिंगा शेजारी शेजारी उभ्या करून पाण्यात सोडल्या तर दिसतील तेवढं ते मोठं होतं. लोक गच्चीवर फोटो काढत होते, गाणी लागली होती. बायको मात्र कठड्याला धरून उलट्या बाजूला, पूर्वेकडे बघत उभी होती.

"आमची खाडी त्या तिकडे," तिनं बोट केलं. मला धुरकट डोंगर आणि कसल्याशा क्रेन दिसत होत्या. "बाबांची होडी कधी इथपर्यंतसुद्धा आली नाही. आम्ही खाडीतली माणसं. बाहेरचा समुद्र आम्ही बघितलाच नाही."

हे मला नवीन होतं. कोळ्याची मुलगी म्हणजे समुद्र बघितलेली, असं मी एकतीस वर्षं धरून चाललो होतो. किनारा दिसेनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग वळली आणि म्हणाली, "चला, भूक लागली."

दुसरा दिवस सगळा पाण्यावरच होता. मला मळमळेल म्हणून मी गोळ्या, आलेपाक, लिंबू असा सगळा सरंजाम नेला होता. काही झालं नाही. उलट मी नाश्त्याला दोनदा रांगेत उभा राहिलो. बायकोनं पर्समधून जवळ्याच्या चटणीची डबी काढली आणि पांढऱ्या सॉसच्या पास्त्यावर दोन चमचे पसरली. शेजारच्या टेबलावरचे एक गुजराती काका नाक वर करून वास कुठून येतो ते शोधत होते. आम्ही दोघंही खाली मान घालून खात राहिलो.

दुपारी मोठ्या हॉलमध्ये नवरा-बायकोंची स्पर्धा होती. एका बाईनं माइकवरून हिंदीत प्रश्न विचारायचे, नवऱ्यानं बायकोबद्दलची उत्तरं पाटीवर लिहायची. चपलेचा नंबर काय, कशाची भीती वाटते, राग आला की काय करते, पहिल्यांदा काय शिजवून घातलं. मला वाटलं आपली फजिती होणार. पण दहापैकी नऊ बरोबर आली. भीती पालीची. राग आला की भांडी परत घासते. पहिल्यांदा घातलं ते बोय माशाचं कालवण. चुकलं ते एकच, सोबत आणलेल्या तिच्या बॅगेचा रंग. मला जहाजाचं चित्र असलेली टोपी बक्षीस मिळाली. मग बायकांची पाळी आली. तिला माझ्याबद्दल सहाच सांगता आली.

"तुम्ही सारखे बदलता," ती म्हणाली. "माझं तसं नाही."

टोपी घालून मी संध्याकाळभर मिरवलो. बायको कशी आहे ते आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, याचा मला आता पुरावाच मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कदमत आलं. मोठं जहाज बेटापर्यंत जात नाही, लांब उभं राहतं. जहाजाच्या पोटातून एक दार उघडतं, खाली छोटी बोट येऊन लागते आणि दोन लाटांच्या मधल्या क्षणी आपण तीत पाय टाकायचा. बोट वर यायची, खाली जायची. दोन खलाशी हात पुढे करून उभे. मी तीन वेळा पाय उचलला आणि तीन वेळा मागे घेतला. मागं रांग खोळंबलेली. बायको माझ्या पुढून गेली. तिनं खलाशाचा हात धरलासुद्धा नाही. बोट वर आली तेव्हा ती घराचा उंबरा ओलांडावा तशी आत गेली, वळली आणि मला म्हणाली, "माझ्याकडे बघा. पाण्याकडे नको." मी तिच्याकडे बघत आलो.

कदमतचं पाणी मी शब्दांत सांगू शकणार नाही असं म्हणणार होतो, पण प्रयत्न करतो. काठाशी ते काचेच्या पेल्यातल्यासारखं, तळाची वाळू, तिच्यावरच्या रेघा सगळं दिसणारं. थोडं पुढं कोवळ्या केळीच्या पानाचा रंग. त्याच्याही पुढे, जिथे लाटा फुटत होत्या तिथे एक पांढरी रेघ आणि पलीकडे एकदम गडद निळं. आत लाटा नव्हत्याच. माडांच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मी एक धरून बसलो.

"पाणी बघून येते," बायको म्हणाली. तिनं ओढणी माझ्या हातात दिली, चष्मा दिला, चपला माझ्या खुर्चीखाली सरकवल्या आणि पंजाबी ड्रेसवरच चालत पाण्यात गेली. कमरेपर्यंत पाणी आल्यावर थांबली. ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घातलं आणि थुंकलं. इकडे तिकडे बघितलं. आणि मग ती दिसेनाशी झाली.

मी उभा राहिलो. ओढणी, चष्मा, टोपी सगळं हातात. मला वाटलं ती घसरली. तेवढ्यात मी बघत होतो त्याच्या बऱ्याच पुढे तिचं डोकं वर आलं. तिनं केस मागे सारले, हात पुढे टाकले आणि पोहायला लागली. धडपड नाही, पाणी उडवणं नाही. एक हात, दुसरा हात, मान बाजूला, श्वास. दोरी बांधून हद्द घातली होती तिथपर्यंत ती गेली, दोरीला हात लावला आणि तिच्या कडेनं आडवी पोहत निघाली. अठ्ठावन्न वर्षांची माझी बायको, जी सोसायटीचे जिने चढताना गुडघ्यावर हात ठेवते.

माझा चेहरा बघून तिथला पहारेकरी जवळ आला. "टेन्शन नहीं अंकल," तो म्हणाला. "आंटी को अच्छा आता है।"

"मालूम है," मी म्हणालो.

मला मुळीच मालूम नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. वाळूत बसली. मी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली.

"तुला पोहता येतं?"

"येतं की."

"कधी बोलली नाहीस."

"कुठं पोहणार होते? बाथरूममध्ये?"

मला थोडं लागलं होतं, खरं सांगायचं तर. मग तिनं स्वतःच सांगितलं. भरतीचं पाणी गावाला लागलं की ती भावाबरोबर उड्या मारायची. भाऊ मोठा, पण ती त्याच्या पुढं जायची. बारा वर्षांची झाल्यावर आईनं एके दिवशी परकर ओला बघितला आणि म्हणाली, आता पुरे. ती थांबली. नंतर खाडीचं पाणीच बदललं, उतरलं की अंगाला खाज सुटायची, मग भावानंही सोडलं. नंतर नोकरी, लग्न, मुलगी.

"विसरले असेन, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. म्हणून तर आधी उभी राहिले." तिनं पायाच्या बोटांनी वाळू उकरली. "हात विसरले होते. पाय नव्हते विसरले." आणि हसायला लागली. असं हसताना मी तिला पूर्वी, त्या भाड्याच्या खोलीच्या दिवसांत बघितलं होतं. मला लागलं होतं ते कुठं गेलं कळलं नाही. ती त्या दिवशी आणखी तीन वेळा पाण्यात गेली. मी खुर्ची उचलून पाण्याच्या काठाशी आणली आणि बघत बसलो.

चौथ्या दिवशी अगत्ती. तिथे किनाऱ्यावर एक म्हातारी बाई बोटीच्या आडोशाला बसून कुपा कापत होती. हा मासा चांगला मांडीएवढा असतो. बायको तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हातारीला हिंदी येत नव्हतं, बायकोला तिची भाषा येत नव्हती. तरी अर्धा तास दोघी बोलत होत्या. म्हातारीनं हातानं दाखवलं, हे आधी उकडायचं, मग धुरावर धरायचं, मग उन्हात. बायकोनं विचारलं, मीठ? म्हातारीला कळलं नाही, मग बायकोनं चिमूट करून दाखवली. शेवटी सुरी बायकोच्या हातात आली. तिनं एक तुकडा कापला. म्हातारीनं तो उचलून उलटसुलट पाहिला, मान हलवली आणि सुरी काढून घेतली. दोघीही पोट धरून हसल्या. निघताना म्हातारीनं पानात बांधलेली खोबऱ्या-गुळाची गोड वडी दिली. बायकोनं उरलेली जवळ्याची चटणी डबीसकट तिला दिली.

मग ती मला म्हणाली, "चला पाण्यात."

"मी बघतो ना बसून."

"काल बघितलंत."

मी टोपी काढून ठेवली. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा माझे दात वाजत होते, पाणी कोमट असूनही. तिनं एक हात माझ्या मानेखाली घातला, एक कमरेखाली. मी आडवा झालो आणि लगेच लाकडासारखा ताठ झालो. नाकात पाणी गेलं. उभा राहून खोकलो. परत आडवा. परत तेच. चार-पाच वेळा हे झालं. मी म्हणालो, पुरे आता, या वयात जमायचं नाही. तिनं ऐकलं नाही.

"आंग ढिला सोर," ती म्हणाली. "डोला मिट. मी हाय ना."

माहेरची बोली ती माझ्याशी कधीच बोलत नसे. भावाशी बोलायची, आईशी बोलायची. माझ्याशी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून शाळेतली मराठी आणि 'अहो'. मी डोळे मिटले. कान पाण्याखाली होते, त्यामुळे सगळे आवाज लांब गेले. फक्त माझा श्वास ऐकू येत होता आणि पापण्यांवर ऊन लाल दिसत होतं. पाठीखाली तिचे हात. किती वेळ गेला ठाऊक नाही.

"हात सोडू नकोस," मी म्हणालो.

"हात कवाच कारलाय," तिचा आवाज बाजूनं आला. "तू एकटाच हायस."

मी डोळे उघडले. ती चार हात लांब उभी होती, दोन्ही हात वर करून दाखवत. वर नुसतं आभाळ. आपण बुडत नाही आहोत, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरली तेव्हा मी अर्थातच दचकून बुडालो. तिनं कॉलर धरून वर काढलं. दोघंही इतके हसलो की किनाऱ्यावरचे लोक बघायला लागले. ती मला 'तू' म्हणाली होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत म्हणाली नसती.

परतीचा दिवस आम्ही जहाजाच्या गच्चीवर दोन खुर्च्या टाकून काढला. दोघांची नाकं सोलून निघाली होती.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती सारसोळ्याला भावाकडे गेली. मीही गेलो. तिनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं, दोरीपर्यंत कशी गेले, तळ कसा दिसतो, मासे पायाशी कसे येतात. भाऊ आता पासष्टीचा, दोन बिल्डिंगांचा मालक. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पानी सोच्छ हाय म्हंतेस?" ती म्हणाली, "आपला होता ना लहानपनी, त्यापेक्षा." त्यानं खाडीकडे बघितलं. मग स्वतःच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना हाक मारून म्हणाला, "पुढच्या खेपेला आपुन पन जाऊ." आतून उत्तर आलं की आधी गुडघ्यांचं ऑपरेशन कर.

मी नेरुळच्या एका तलावात सकाळच्या बॅचला नाव घातलं. बायको येत नाही. क्लोरीनचं पाणी तिला पाणी वाटत नाही. गेल्या रविवारी मी कठडा न धरता तलाव आडवा, म्हणजे रुंदीच्या बाजूनं, पार केला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तेव्हा ती मांदेली तळत होती. मी दारातूनच सांगितलं.

तिनं झारा खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आणि उभा कधी?"