नानांना ओरडणारा डॉक्टर हवा होता

आमच्या शाळेचे हवालदार नाना डॉक्टरची परीक्षा त्याच्या आवाजावरून घेत. "डॉक्टर खेकसना म्हणजे दुखनं किरकोळ," ते आपल्या अहिराणीत सांगत, म्हणजे खेकसला तर चिंता नाही. "गोड बोलना म्हणजे समजानं, आपलं काही खरं नही." हे त्यांना पलटणीने शिकवलं होतं. तिथे रोज सकाळी आजारी जवानांची रांग लागे आणि लष्करी डॉक्टर एकेकाला ढोंगी ठरवून झापत असे. ज्याला झापलं नाही, त्याला स्ट्रेचरवरून नेत.

मुलांनो, आधी माणूस कोण ते सांगते, म्हणजे क्रम चुकणार नाही. नाना मूळचे पिंपळनेरकडचे. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि धुळ्यात मी इंग्रजी शिकवत असे त्या मुलींच्या शाळेच्या फाटकावर लागले. हे सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराचं. उशिरा आलेल्या मुलीला ते "लेफ्ट-राईट, लेफ्ट-राईट" म्हणत वर्गाच्या दारापर्यंत चालवत नेत. एकदा तपासणीला आलेले शिक्षणखात्याचे साहेबही असेच चालत मुख्याध्यापिकांच्या खोलीत पोहोचले. साहेब उशिरा आले होते, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

एका उन्हाळ्यात नानांच्या छातीत दुखू लागलं. जिना चढताना ते मधेच थांबत आणि आपण भिंतीचा रंग बघतोय असं दाखवत. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, हे कळलं तेव्हा घरात लढाई जुंपली. अक्कांचं म्हणणं, खाजगी डॉक्टरकडे चला. तिथे पंखा असतो, गादी असते, माणसाला माणूस म्हणतात. नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "वीस वरीस सरकारनी गोळी चलाडी. आते सरकारनी गोळी गिळाले कसानी लाज?"

लष्कराचा दवाखाना होता, पण दूर नाशिककडे. गावातल्या सरकारी दवाखान्यावर नानांचा जीव होता. तिथे ते तपासून घ्यायला जात आणि तासभर बाहेरची रांग सरळ करत बसत. म्हाताऱ्या बाया पुढे, तरणे मागे, विड्या बंद. केसपेपर लिहिणाऱ्याने एकदा त्यांना चहा पाजला, तर नाना म्हणाले, "ड्यूटीवर चहा नही."

अक्का माझ्याकडे आल्या. "बाई, तुमनं ऐकतीन ते." मी नानांना फिरायच्या निमित्ताने एका खाजगी दवाखान्यावरून नेलं. बाहेर पाटी होती. नाना थबकले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बाई, एम.डी.!"

"हो ना."

"आमना डॉक्टर कागदवर हेच लिखे. मेडिसिन अँड ड्यूटी. गोळी खा आणि कामवर जा. हाऊ तर फौजी दिखस!"

मला एम.डी.चा अर्थ ठाऊक होता. इंग्रजी शिकवणं हा माझा पेशा होता. तरी मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही फारशी लाज वाटत नाही.

आतला डॉक्टर अतिशय सभ्य निघाला. "या नाना, बसा. पाणी घेता? काही काळजी करू नका हं." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फाशीची शिक्षा ऐकलीय. डॉक्टर "दोन-तीन दिवस इथेच राहा" म्हणेपर्यंत नाना चपला घालून रस्त्यावर. "बाई, माले पानी इचारं त्यानी! पानी मरनाराले इचारतस!"

दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी सरकारी दवाखान्यात गेले. मी आणि अक्का मागोमाग. तिथला तरुण डॉक्टर सगळ्यांवर ओरडे. नानांचा तो फार लाडका होता. त्याने हृदयाचा आलेख काढला, कागद पाहिला, पुन्हा पाहिला. मग खुर्चीवरून उठून हळूच म्हणाला, "नाना, जरा बसा ना इथे."

नाना बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा ताठ कणा वाकलेला पाहिला. अक्कांना म्हणाले, "चाल, घर जाऊत. आते औषधनं काय काम?"

मी डॉक्टरला बाहेर व्हरांड्यात गाठलं. हृदय थकलं आहे, तो म्हणाला. रोज गोळ्या घेतल्या आणि जिने चढणं सोडलं तर निभावेल, नाहीतर कठीण. "मग त्यांच्यावर ओरडा," मी म्हणाले. का म्हणून, त्याने विचारलं. मी नानांचा नियम थोडक्यात समजावला. डॉक्टर विद्यार्थी म्हणून हुशार निघाला.

आत जाऊन त्याने टेबलावर हात आपटला. "ओ हवालदार! कोणी सांगितलं खुर्ची अडवायला? काही झालेलं नाही तुम्हाला, नुसती नाटकं! या गोळ्या रोज सकाळी घ्यायच्या. आणि जिना चढताना दिसलात तर याद राखा!" मग पुढे होऊन त्याने नानांना खांद्याला धरून उभं केलं आणि तसाच ओरडत दारापर्यंत आणलं. बाहेरची रांग घाबरून आपोआप सरळ झाली. नानांच्या तोंडावर रंग आला. त्यांनी कडक सॅलूट ठोकला.

त्यानंतर चार वर्षं नानांनी एक गोळी चुकवली नाही. पायरीला पाय लावला नाही. महिन्याला दवाखान्यात जात आणि फाटकावर मला खबर देत, "बाई, आज दोन खेप खेकसना."

ते गेले तेव्हा मी अक्कांना भेटायला गेले. मनातलं बोचत होतं, ते सांगून टाकलं, की तो ओरडा माझ्या सांगण्यावरून होता. अक्का रडता रडता हसल्या.

"त्यास्ले म्हाईत व्हतं, बाई. त्याच दिवशी घर येता येता बोलनात, 'ओरडनारा डॉक्टर खांदावर हात ठेवत नही. बाईस्नी शिकाडेल शे पोऱ्याले. पण काय झकास ओरडना! तू बाईस्ले सांगू नको, त्यास्ना हिरमोड व्हई.'"