सावंतांची जागा

सकाळच्या एसटीने मी गाव सोडणार होतो आणि ऐन वेळी पिशवीचा बंद तुटला. आई दाभण घेऊन तो शिवत बसली आणि वडील कंडक्टरला हात करून "आला, आला" म्हणत राहिले. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव, ती गाडी गेली की दुपारपर्यंत दुसरी नाही. चढताना वडील एवढंच म्हणाले, "जाशील तितं जुळवून घे, हणमा. कुनाची तक्रार याया नको." तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा थांब्यावर होता. आता गावी आलो की तुम्ही विचारता, एवढी जमलेली नोकरी का सोडलीस? इकडे विरारच्या चंदनसारला माझ्यासारखेच बाहेरून आलेले शेजारीही तेच विचारतात. मी आजवर टाळाटाळ केली. आता एकदाचं लिहूनच टाकतो.

विरारला मामेभावाच्या खोलीत आम्ही चौघं राहत होतो. महिनाभर बायोडेटा वाटत फिरलो, पण कुठे डाळ शिजेना. मग कुणीतरी वसईच्या मोनिकाबाईंकडे पाठवलं. कारखान्यांना माणसं मिळवून देणं हा त्यांचा धंदा. केमिस्टच्या वर एक खोली, भिंतीवर क्रूस, टेबलावर दोन फोन. त्यांनी माझी मार्कशीट बाजूला सारली. "शिकलेले ढिगाने मिळतात हो. जागेला बसणारा माणूस मिळत नाही." मग विचारू लागल्या, कुठल्या हाताने लिहिता? चहात साखर किती? उंची? मला वाटलं, बाई गंमत करतायत. डावखुरा आहे, बिनसाखरेचा पितो, असं मी सांगत गेलो आणि त्यांनी फोन उचलला. "शेठ, मिळाला."

वसईजवळच्या सातिवलीतलं शेठचं युनिट पंपाचे रबरी वायसर बनवायचं. शेठनी मुलाखत अशी घेतलीच नाही. मला स्टोअरमध्ये नेलं, खिडकीमागची खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बसा." मी बसलो. गादी डाव्या बाजूला खचलेली होती. मला लहानपणापासून डावीकडे कलून बसायची खोड, त्यामुळे ती अंगाला बरोब्बर बसली. शेठनी खिडकीबाहेर जाऊन मला तिथून एकदा बघून घेतलं. "उद्यापासून या," म्हणाले.

त्या खुर्चीवर बावीस वर्षं सावंत नावाचे स्टोअरकीपर बसत. दोन महिन्यांपूर्वी ते वारले होते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कुणी लपवलं नाही. त्यांचा चहाचा स्टीलचा पेला माझ्याकडे आला, आणि मोबाइल नंबरही, कारण माल देणाऱ्या-घेणाऱ्या सगळ्यांकडे तोच होता. फोन यायचा, "सावंत का?" सुरुवातीला मी समजावायचो, ते गेले, मी नवीन. पलीकडचा हळहळायचा, पाच मिनिटं जायची, खिडकीवर पोरं खोळंबायची. मग मी सरळ "हो, बोला" म्हणायला लागलो. माझं चुकलं ते तिथे. हळूहळू मशीनवरची पोरंही ओरडायला लागली, "सावंत, सहा नंबर द्या ना, जल्दी!" आणि मी द्यायचो. जुळवून घेत होतो.

काम झकास चाललं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. दोनशेच्या वर खण, पण हात न बघता नेमक्या खणावर जायचा. एकदा शेठनी विचारलं, जुने साचे कुठे आहेत? मी म्हटलं, "माळ्यावर, गोणपाटाखाली." होते तिथेच. मी तोवर माळ्यावर चढलोही नव्हतो. शेठना त्याचं काही नवल वाटलं नाही. खणांवरच्या फाटक्या चिठ्ठ्या बदलून काही मी नव्याने लिहिल्या होत्या. एक दिवस सहज बघत गेलो, तर सावंतांच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, ते मलाच सांगता येईना. मी चहा मागवला.

वर्ष होत आलं तेव्हा सावंतवहिनी आल्या. बोळिंजहून, भर दुपारी, नवऱ्याच्या राहिलेल्या वस्तू न्यायला. मी खाली मान घालून वायसर मोजत होतो. खिडकीतून आवाज आला, "जेवलात?"

"जेवलो," मी म्हटलं.

मग वर बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मी ओशाळून उठलो, पेला विसळून पुढे केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तो यांचा तरी कुठे होता? परबांचा होता."

"कोण परब?"

"यांच्या आधीचे. हे नवीन लागले तेव्हा घरी येऊन हसायचे, मला सगळे परब म्हणतात म्हणून." त्या माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होत्या. "मग हसायचे बंद झाले. मग सांगायचेच बंद झाले. गावी कोण आहे तुमचं?"

"आई-वडील."

"जाऊन या. लवकर जा."

शनिवारी गेलो. वर्षभर फिरकलो नव्हतो, फोनही कमी झाले होते. दुपारी पोचलो तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आत आई भांडी घासत होती. मी कडी वाजवली.

"कोन हाय?"

"सावंत," मी म्हणालो.

आतली भांडी वाजायची थांबली. "हितं सावंत कुनी न्हाईत, बाबा. घर चुकलासा."

माझं नाव सांगायला मी तोंड उघडलं. नाव आठवेना. खरंच सांगतो, आठवेना. पिशवी धरून मी पायरीवर तसाच उभा राहिलो. शेवटी आईच राखेचे हात घेऊन बाहेर आली आणि दचकली. "हणमा? मुडद्या, थट्टा करतूस व्हय आईची?" मी तिथेच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

नोकरी मी गावातूनच फोनवर सोडली. मोनिकाबाई चिडल्या, म्हणाल्या, अशी फिट जागा पुन्हा मिळायची नाही. मिळाली नाहीच. आता एका गोडाउनमध्ये आहे. तिथली खुर्ची पाठीला टोचते, साहेबांशी रोज वाजतं आणि माझ्या चुका माझ्या नावावर पडतात. शेठ वाईट नव्हते. आपलं माणूस गेलंय हे त्यांना मान्य करायचं नव्हतं, एवढंच. सावंतवहिनींनी बावीस वर्षं रोज संध्याकाळी दार उघडून कुणाला आत घेतलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. विरारला राहतो, इथेच राहीन. पण घर कुठलं म्हणाल, तर गावच्या त्या दाराचंच नाव घेईन. सावंत म्हणून गेलो, तेव्हा त्याने मला आत घेतलं नाही.